साडेआठशे रुपयांचे तळ आणि सागरगड

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच परत फिरावं. नारायण पेठेतल्या एका मोची मामांनी माझ्या अकरा वर्षं जुन्या ट्रेकिंगच्या बुटांना नवे तळ बसवून दिले. पैसे घेतले साडेआठशे. दिलेली तारीख दोनदा चुकली. ते बूट घालून मी अलिबागजवळचा सागरगड चढून उतरून आले आणि दोन्ही पाय शाबूत आहेत. पाचांपैकी चार गुण. कापलेला एक गुण तारखांचा.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

बूट मी २०१४ साली घेतले, साडेसहा हजारांना. माझ्या पगाराच्या मानानं ते फारच होते, म्हणून घरी चार हजार सांगितले होते. (आता सगळ्यांना खरा आकडा माहीत आहे, त्यामुळे लिहायला हरकत नाही.) घोट्याच्या वर येणारे, तपकिरी कातड्याचे, एका परदेशी कंपनीचे. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, रतनगड, दोनदा कळसूबाई. पाच वर्षं त्यांनी एकदाही तक्रारीला जागा दिली नाही. मग सासूबाईंचं आजारपण, मग करोना, मग माझा डावा गुडघा. बूट स्वच्छ पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, मूळ खोक्यात, वरून प्लास्टिकची पिशवी बांधून कपाटाच्या वरच्या खणात. ठेवताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

गेल्या डिसेंबरात भाचा म्हणाला, "मावशी, सागरगडला येतेस का? सोपा आहे, समुद्र दिसतो." गुडघ्याच्या डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली होती, ती मी जरा लांबवली. बूट काढले, चमकत होते. चढताना काही झालं नाही. गडावरून माचीकडे उतरताना उजव्या टाचेखाली काहीतरी फिरल्यासारखं वाटलं. बघते तर तळ मागून सुटून नुसता पुढच्या बाजूला लटकतोय. पाचदहा मिनिटांत डावाही तसाच. आणि तो नुसता सुटलेला नव्हता. कातडं आणि खालचं रबर यांच्यामधला जो पांढरट थर असतो, त्याचा दाण्याच्या कुटासारखा भुगा होऊन वाटेवर सांडत होता. मोज्यात भरला, बोटांत अडकला. भाच्यानं सुतळीनं बांधून दिलं, पन्नास पावलांत सुतळी तुटली.

माचीवरच्या एका घरी ताक प्यायला थांबलो तेव्हा तिथल्या बाईंनी माझ्या पायांकडे बघितलं आणि काही न विचारता दारातली स्वतःची रबरी स्लिपर पुढे सरकवली. निळे पट्टे, टाचेला झिजलेली. ती घालून मी सागरगड उतरले. त्या उतरणीबद्दल मी इथे लिहिणार नाही.

घरी आल्यावर जास्त राग आला तो स्वतःचा, कारण मी एकतीस वर्षं एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये सहायक म्हणून काढली आहेत. हे मला माहीत असायला हवं होतं. मधला तो थर पॉलियुरेथेनचा असतो. हलका, मऊ, उशीसारखा. पण त्याच्या बऱ्याच प्रकारांत एस्टरचे बंध असतात आणि हवेतली वाफ ते बंध हळूहळू तोडत राहते. हायड्रॉलिसिस म्हणतात ते हेच. बूट वापरा किंवा वापरू नका, पाच ते दहा वर्षांत त्या थराचा भुगा होण्याची वेळ येतेच. उष्ण, दमट, कोंदट जागेत लवकर येते. म्हणजे मी पावसाळ्याची ओल असलेल्या कपाटात, वर प्लास्टिक बांधून, सहा वर्षं जपून ठेवले ते बूट मीच शिजवले होते. तुमच्याकडे असे ठेवणीतले बूट असतील तर आज रात्री काढा आणि मधल्या थरावर अंगठ्याचं नख दाबा. वण तसाच राहिला, भेगा दिसल्या किंवा बोटाला चिकट लागलं, तर ते बूट घालून पर्वतीसुद्धा चढू नका.

वरचं कातडं मात्र ठणठणीत होतं. शिवण एक टाका उसवलेली नाही, हूक शाबूत. असे बूट कचऱ्याच्या गाडीत टाकायला माझा हात धजेना.

ज्या प्रकारच्या दुकानात असे बूट मिळतात तिथे आधी गेले. मुलगा सौजन्यानं म्हणाला, "मॅडम, हे रिपेअर नाही होत. नवीनवर ऑफर चालू आहे." नव्यांची किंमत नऊ हजार आणि काही. मग घराजवळच्या एकानं ट्यूबमधलं झटपट चिकटणारं काहीतरी लावून दोन मिनिटांत तळ बसवून दिला आणि चाळीस रुपये घेतले. तो मी जिन्यातच पुन्हा काढला. हाताने. झटपट गोंद कडक आणि ठिसूळ होतो, आणि चालताना बूट दर पावलाला वाकतो. शिवाय भुग्याला चिकटवलेलं रबर भुग्यासकटच सुटणार, हे उघड आहे.

मामांचं नाव एका जुन्या गिर्यारोहक सहकाऱ्यांनी सांगितलं. पत्ता असा दिला: "बोळात शिर, वास आला की थांब." वास म्हणजे सोल्युशनचा, मोच्यांच्या गोंदाचा. गाळा जेमतेम दोन हात रुंद. आत मामा मांडी घालून, समोर तीन तोंडांची लोखंडी ऐरण, शेजारी आरी, रापी, कानस, मेणाचा गोळा आणि रेडिओ. वर पाटी: "बूट धुवून आणावेत. चिखल काढणे हे आमचे काम नाही." मी धुवून नेले होते. ही पहिली गोष्ट त्यांना आवडली असावी.

बूट उलटा करून त्यांनी मधल्या थरात आरी खुपसली. आरी लोण्यात जावी तशी गेली. "ताई, हे मेलंय. खालचं रबर चांगलं आहे, पण ह्याच्यावर कशाला बसवू? सगळं खरवडावं लागेल. मधे एमसीआर टाकतो, खाली नवीन सोल, कडेनं शिलाई. साडेआठशे. गुरुवारी या."

एमसीआर म्हणजे मधुमेहाच्या रुग्णांच्या चपलांत वापरतात ते बारीक छिद्रांचं रबर. मी विचारलं, ते पाण्याने भुगा होतं का? मामा म्हणाले, "तीस वर्षं वापरतोय, दबतं, पण भुगा नाय होत." रसायनशास्त्र त्यांच्या बाजूने आहे. दबलं तर चालेल, वाटेत सांडलं नाही म्हणजे झालं.

भाचा माझ्याबरोबर आला होता, त्यानं व्हिब्रॅम या नावाजलेल्या कंपनीचा तळ बसवता येईल का विचारलं. मामा हसले. "नाव ऐकलंय. लोक बुटावर दाखवतात. माल कोण देणार मला?" ते खरंच आहे. या नावामागची गोष्ट मात्र मला माहीत होती आणि मी ती दोघांना ऐकवली, मागितली नव्हती तरी. इटलीत १९३५ साली पुंता रासिका नावाच्या शिखरावर विताले ब्रामानी यांचे सहा साथीदार मरण पावले. खिळ्याच्या तळाचे जड बूट पायथ्याशी ठेवून कातळासाठी पातळ बूट घालून चढले होते आणि वर वादळात गारठले. खिळे कातळावर नको होतात आणि कातळाचे बूट बर्फात उपयोगाचे नाहीत, म्हणून ब्रामानींनी दोन्हीकडे चालेल असा दातेरी रबराचा तळ काढला आणि १९३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कंपनीचं नाव त्यांच्याच नाव-आडनावातून आलं. मामांनी हातातलं काम न थांबवता सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "मग चिकटवलं कशानं होतं?" मला सांगता आलं नाही.

तळ निवडताना त्यांनी तीन नमुने पुढे टाकले. एक टायरच्या रबराचा, एक काळा चकचकीत, एक मळकट काळा. मी साहजिकच चकचकीताला हात लावला. मामांनी तिन्हींवर नख दाबायला लावलं. टायरवर नख उमटेना. "हा तुमच्यापेक्षा जास्त जगेल. पण कातळावर नाचतो." चकचकीत त्यातल्या त्यात मऊ, पण वाकवला की कडेला बारीक भेग दिसली. मळकटावर नख उमटलं आणि हळूहळू भरून आलं. तोच घेतला. मऊ रबर दगडाच्या बारीक खडबडीत जागांमध्ये दबून बसतं, म्हणून पकडतं, आणि त्याच कारणानं लवकर झिजतं. दोन्ही एका बुटात मिळत नाही. मला वर्षाला चारपाच गड करायचे असतात. झिजू दे.

गुरुवारी गेले. बूट कोपऱ्यात जसेच्या तसे. "लग्नसराई आहे ताई." पुढच्या गुरुवारी खरवडून झाले होते, म्हणजे दोन नुसती कातडी होडीसारखी पडली होती. तिसऱ्या गुरुवारी मी पावणेदोन तास तिथेच स्टूल टाकून बसले. त्याचा फायदा असा की काम डोळ्यांनी बघायला मिळालं, आणि या परीक्षणात खरं लिहिण्यासारखं तेच आहे.

आधी कातड्याचा खालचा भाग आणि एमसीआरची बाजू, दोन्ही कानशीनं आणि मग रेती कागदानं घासून खरखरीत केले. धूळ ब्रशने झाडली, मग फडक्यानं पुसली. सोल्युशन दोन्हीकडे पातळ लावलं आणि बूट बाजूला ठेवून दिले. मी म्हटलं, चिकटवत नाही? "थांबा." पहिला हात कातड्यानं पिऊन टाकला, म्हणून दुसरा दिला. पुन्हा थांबणं. मधे एका मुलाच्या शाळेच्या बुटाला टाच मारून झाली. मग बोटाची मागची बाजू सोल्युशनला लावून बघितली. बोटाला काही लागत नाही, पण चिकटल्यासारखं वाटतं, अशी वेळ आली की जोडायचं. एकदाच, नेमकं. सरकवायला मिळत नाही. आपण घरी नेमकं उलटं करतो. ओलं असताना दाबून वर जातं ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सुटलं की गोंदाला नावं ठेवतो. आतला द्रव उडून गेल्याशिवाय तो गोंद धरतच नाही.

जोडून झाल्यावर फर्मा, म्हणजे पायाच्या आकाराचा साचा, आत घालून हातोडीनं ठोकणं, मधून कडेकडे. मग शिलाई. या तळाला वर वळलेली कड आहे, वाटीसारखी. ती कड आणि कातडं यांमधून मेण लावलेला जाड नायलॉनचा दोरा, आरीनं एकेक भोक पाडत. उजव्या बुटाला मी टाके मोजले, चौसष्ट. मेण कशाला? भोकातून पाणी येतं ते अडायला. पूर्ण अडत नाही, हे नंतर सिंहगडाखालच्या ओढ्यात कळलं. मोजा ओला झाला, पण बूट आधीही अगदी जलरोधक नव्हते, तेव्हा तक्रार नाही.

निघताना मामांनी दोन सूचना दिल्या. आठ दिवस ओले करू नका. आणि प्लास्टिकच्या पिशवीत पुन्हा ठेवलंत तर माझ्याकडे आणू नका.

तोटेही सांगायला हवेत. नवे असताना या जोडीचं वजन मी लॅबच्या तराजूवर केलं होतं, शनिवारी दुपारी, कुणी नसताना: ११४० ग्रॅम. आता स्वयंपाकघरातल्या काट्यावर १३१०. पायाला पंचाऐंशी ग्रॅम जास्त. ऐकायला काही नाही, तिसऱ्या तासाला कळतं. तळ जाड झाल्यामुळे मी जमिनीपासून बोटभर वर आले आहे आणि पहिले दोन दिवस पाय कडेला मुरगळतोय असं वाटत राहिलं. पूर्वीच्या तळाला पुढे जरा वरती वळण होतं, पाऊल आपोआप पुढे लोटायचं. मामांचा तळ सपाट आहे. मीच लोटते.

वेताळ टेकडीवर दोनदा, सिंहगडावर तीनदा सराव केला. दोन्हीकडे बूट बरे वागले. सिंहगडावर तळाची परीक्षा होते असं मला वाटत नाही, तिथे भज्यांच्या मोहाची होते.

खरी परीक्षा ज्या वाटेनं बूट मेले तिथेच घ्यायची होती. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी पहाटे साडेचारला निघालो. मी, भाचा आणि त्याचे दोन मित्र. पिशवीत निळ्या पट्ट्यांची स्लिपर धुवून, आणि तिच्याबरोबर त्याच मापाची एक नवी.

समुद्राजवळच्या डोंगराचं एक वेगळंच असतं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. म्हणजे पुण्याहून निघालेला माणूस आधी बोरघाटातून ती सगळी उंची खाली उतरतो, वडखळला मुंबई-गोवा रस्ता सोडून पोयनाड, कार्लेखिंड करत खंडाळे गावात पोचतो, आणि मग जवळजवळ शून्यातून चढायला लागतो. (हे घाटातलं खंडाळा नव्हे. मी दरवेळी सांगते, दरवेळी कुणीतरी विचारतं.) सागरगडाची उंची साधारण १३५० फूट. सह्याद्रीच्या धारेवरच्या गडांपुढे हा आकडा किरकोळ, पण तो सगळाच्या सगळा पायांनी कमवावा लागतो. आणि हवा दमट. सिंहगडावर घाम वाऱ्यानं वाळतो आणि अंग थंड होतं. इथे घाम वाळतच नाही, नुसता वाहतो. सकाळी साडेआठला सुरुवात केली, नऊला माझी ओढणी पिळता आली असती. माणशी तीन लिटर पाणी कमी नको.

गावातून निघालं की डावीकडे धोंडाण्याचा धबधबा दिसतो. पावसाळ्यात याच्यासाठी गर्दी लोटते. फेब्रुवारीत तिथे कातळावर फक्त काळा ओघळ होता, वाळलेल्या रांगोळीसारखा. वाट सिद्धेश्वरच्या देवळापर्यंत चढत जाते. इथवर दगडगोटे आणि मुरूम. तळाचे दाते अशाच जागी कामाला येतात. नव्या तळाचे दाते पाच मिलिमीटर आहेत, मी पट्टीनं मोजले. मुरुमात टाच टेकवली की ते रुततात. पण दात्यांमध्ये खडे अडकतात आणि पुढे कातळ आला की त्या खड्यांवरच पाय सरकतो. दर अर्ध्या तासानं काठीच्या टोकानं काढत होते. मूळच्या तळात दाते लांब लांब होते, खडे आपोआप पडायचे. मामांना हे सांगायचं ठरवलं आहे, पण त्यांच्या हातात ते नाही.

सिद्धेश्वरच्या पुढचा चढ मला जास्त आवडतो. अंगावर येतो, पण मधे मधे उघडा कातळ आहे. हा आपला नेहमीचा बेसाल्ट, दख्खनचा. कोरडा असेल तर याच्याइतकी पकड दुसऱ्या दगडाला नसेल, आणि ओला, शेवाळलेला असेल तर साबण. उतारावर मी मुद्दाम आडवी वाट सोडून कातळावरून सरळ चढले. पूर्ण तळ दगडाला टेकवायचा, टाच उचलायची नाही, अंग दगडावर टाकायचं नाही. कातळावर दात्यांचा काही उपयोग नसतो, रबर जितकं जास्त टेकेल तितकं धरतं. आणि धरलं. मळकट रबरानं असं धरलं की मी मधेच उभी राहून खाली बघितलं आणि भाच्याला हाक मारली. त्याच्या पायात नवे कोरे, नऊ हजारांच्या घरातले. तो दोन पावलं वर आला, एक पाऊल घसरला, हातावर आला. मी काही बोलले नाही. (फोटो काढला.)

माचीवर आलं की चढ संपल्यासारखा होतो. घरं, गुरं, मोकळं माळरान. तिथून गडाचा पडका दरवाजा आणि तटबंदी जवळ आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हाही होता, खेडदुर्ग हे याचं दुसरं नाव. आज तिथे बुरुज, पडकी जोती, पाण्याची टाकी आणि महादेवाचं देऊळ एवढं उरलंय. पण किल्ला बघायला मी आले नव्हते. मला शेवटची कड बघायची होती.

गडाच्या टोकाला डोंगर एकदम तुटतो आणि समोर एक सुळका सुटा उभा राहतो. वानरटोक म्हणतात त्याला. तिथे गवत नाही, माती नाही, उघडा उतरता कातळ आणि त्यावर बारीक खडी. वारा समुद्राकडून सरळ छातीवर येतो. चढताना ज्या कातळानं माझी मिजास वाढवली, त्याच प्रकारचा कातळ इथे खडीमुळे वेगळा वागला. रबर आणि दगड यांच्यामध्ये खडी आली की बूट कुणाचाही असो, गोट्यांवर उभं राहिल्यासारखं होतं. कडेपासून दहाबारा फुटांवर मी खाली बसले आणि बसूनच पुढे सरकले. छप्पन्नाव्या वर्षी बसून सरकण्यात लाज वाटत नाही. मुलं उभी राहून सेल्फी घेत होती, त्यांना मी ज्या शब्दांत मागे बोलावलं ते इथे छापणार नाही.

समुद्र दिसला. पण फेब्रुवारीतला समुद्र, म्हणजे आकाशापेक्षा जरा फिकट अशी पट्टी. अलिबागचा किनारा ओळखू आला, कुलाबा किल्ला आहे म्हटलं म्हणून आहे असं वाटलं. डिसेंबरात तो नीट दिसला होता, पण तेव्हा मी पायाकडे बघत होते. स्वच्छ हवेसाठी पावसानंतर लगेच, ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात या. गवतही तेव्हा पिवळं पडून उभं असतं, झोपलेलं नसतं. झोपलेलं वाळकं गवत हा उतरतानाचा सगळ्यात वाईट शत्रू, त्याच्यावर दातेही चालत नाहीत आणि मऊ रबरही नाही. मी एकदा घसरले ती तिथेच. दुसऱ्यांदा टाक्याजवळ, ओल्या शेवाळावर. दोन्ही वेळा चूक माझी होती, बुटाचा गुण त्यामुळे कापलेला नाही.

उतरताना मी नाडी पुढून सैल आणि घोट्याशी घट्ट बांधली, नाहीतर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. शिवण तपासली. चौसष्टपैकी चौसष्ट टाके जागेवर. टाचेच्या बाहेरच्या कडेला रबर झिजायला लागलंय, कारण माझी चाल तशी आहे. मामा म्हणाले होते दोन वर्षं. मला दीड वाटतं.

माचीवर त्या बाई घरीच होत्या. मी पिशवी पुढे केली. जुनी स्लिपर त्यांनी लगेच ओळखली, नवी जोडी हातात घेऊन परत माझ्याकडे सरकवली. "एवढ्याशासाठी कशाला आणलीत? मी तेव्हाच बाजारातून घेतली." शेवटी ठेवून घेतली, पण त्यांचं लक्ष माझ्या बुटांकडे होतं. मला ओट्यावर बसवून त्यांनी बूट हातात घेतला, उलटा केला, कडेच्या शिलाईवरून अंगठा फिरवला. "हे हातानं केलंय? किती घेतले?" साडेआठशे म्हटल्यावर मान हलवली, म्हणजे महाग की स्वस्त ते कळलं नाही. मग आत जाऊन काळे गमबूट घेऊन आल्या. डाव्या पायाचा घोट्याजवळ आडवा फाटलेला. "आमचे हे पावसात शेतावर घालतात. तुमचे मामा करतील का?"

मला तिथल्या तिथे माहीत होतं की अवघड आहे. गमबूट पीव्हीसीचे असतात. त्यात मऊपणासाठी जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येत राहतं आणि मामांच्या सोल्युशनला मऊ करून सोडवतं. वेगळा गोंद लागतो, किंवा गरम करून जोडावं लागतं. हे सगळं त्यांना सांगण्याऐवजी मी म्हटलं, "विचारते," आणि गमबूट घेऊन आले. भाच्याच्या गाडीत पुण्यापर्यंत त्यांचा वास आला.

मामांनी डावा गमबूट बघितला, फाटलेल्या जागी बोट घातलं, माझ्याकडे बघितलं. "हे माझ्या सोल्युशननं नाय धरणार." मग गप्प बसले. रेडिओवर बातम्या संपल्या. मग म्हणाले, रविवार पेठेत एक जण प्लास्टिकच्या ताडपत्र्या गरम करून जोडतो, त्याला विचारतो. गमबूट त्यांनी वरच्या फळीवर, शाळेच्या बुटांच्या मागे ठेवले.

"गुरुवारी या."

तो गुरुवार उद्या आहे.